वर राहिलेला हात

दहावीत वर केलेला माझा उजवा हात अजून खाली आलेला नाही.

भूगोलाचा तास होता. शिर्के सरांनी विचारलं, "आपल्या कोकणात एवढा पाऊस पडतो, तरी मे महिन्यात विहिरी कोरड्या का पडतात?" मी हात वर केला. सर म्हणाले, "तू थांब गो सुर्वे, तुला येतंच. खातू, तू सांग." दिलीप खातू उभा राहिला आणि नुसताच उभा राहिला. तेवढ्यात घंटा झाली. बाकीच्यांचे हात खाली आले, माझा आला नाही.

आईने खोबरेल तेल चोळलं, दंडाला लोंबकळूनही पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "हाड चांगलं आहे. ज्यांनी विचारलं त्यांना उत्तर ऐकून घ्यायला सांगा." आई शाळेत गेली. सर म्हणाले, "आता धडा संपला हो वहिनी. उजळणीला घेऊ." उजळणीत तो धडा गाळला. मी आपणहून सांगून टाकायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. पण विचारल्याशिवाय बोलायचं नाही, हे आम्हाला पहिलीपासून छडीने शिकवलं होतं. ते मी नीट शिकले, हाच माझा मूर्खपणा.

बोर्डाचे पेपर डाव्या हाताने लिहिले. जेमतेम पास झाले आणि सायन्स राहिलं. पुढे एका पतपेढीत चिकटले. तिथल्या बैठकीत चेअरमन माझ्या हाताकडे बघून म्हणायचे, "मॅडमचा मुद्दा शेवटी घेऊ." शेवटी चहा यायचा.

लग्न मात्र लगेच ठरलं. बघायला आले तेव्हा सासूबाई माझ्या हाताखालून दोनदा फिरल्या आणि म्हणाल्या, "वरच्या फळीवरचे डबे काढायला बरं." पावसाळ्यात त्यांनी माझ्या मनगटाला दोरी बांधून दुसरं टोक खिडकीला बांधलं आणि त्यावर घरादाराचे कपडे वाळत घातले. आमचे हे खालून वाकून जायचे. मला चीड यायची. पण ओले कपडे अंगावर घेऊन किती चिडणार? हाताचा फायदा एकच, एसटी कुठेही थांबते. मी नुसती रस्त्याने चालले तरी थांबते. कंडक्टर दार उघडून विचारतो, "कुठे जायचंय?" मला कुठेच जायचं नसतं. तो शिव्या घालून घंटी मारतो.

गेल्या महिन्यात खातूचा फोन आला. आमच्या बॅचचा स्नेहमेळावा त्यानेच ठरवला होता. शाल-श्रीफळ, जेवण आणि जुन्या वर्गात सरांचा पुन्हा एक तास.

"सर तोच धडा घेणार आहेत," तो म्हणाला. "तुझा हात एकदाचा उतरव बाई. ग्रुप फोटोत मागच्यांची तोंडं झाकली जातात."

मी गेले. त्या हातासाठी गेले, बाकी कुणाचं तोंड बघायची मला हौस नव्हती. आधी प्रार्थना झाली, मग हजेरी. टक्कल पडलेले, सुटलेले लोक लाडात येऊन "हजर सर" म्हणत होते. प्रत्येक "हजर"ला भिंती वीतभर आत येत होत्या. बाकं एकमेकांना भिडली. पुढच्या बाकावरच्या बाईचा अंबाडा माझ्या हनुवटीला लागला. छतही उतरत होतं. माझी बोटं वर टेकली, तेव्हा मी मान वाकवून, अंग चोरून बसले. कुणी तक्रार केली नाही. पोटं आत ओढून सगळे हसत होते.

सर थकले होते, पण आवाज तोच. त्यांनी तोच प्रश्न विचारला आणि पहिल्या बाकाकडे वळले. "खातू, तू सांग."

खातू उभा राहिला. त्याचं डोकं छताला लागलं. "सर, विहिरी कोरड्या पडतात म्हणून तर माझे टँकर चालतात!"

वर्ग खदखदून हसला. सरही हसले आणि डोळे पुसता पुसता त्यांना माझा हात दिसला.

"सुर्वे? हं, बोल."

माझी मान वाकलेलीच होती. तरी बोलले. "उतार तीव्र आहे सर. नद्या आखूड आहेत. जांभ्या खडकात पाणी ठरत नाही. पडलेलं सगळं समुद्राला जातं."

"शाब्बास. अगदी बरोबर."

हात खाली आला. धप्पकन बाकावर पडला, मुंग्या आलेला, दुसऱ्याच कुणाचा असावा तसा. मी तो मांडीवर घेऊन चोळू लागले. मला रडू फुटलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

सर बाकांमधून वाट काढत जवळ आले. भिंत त्यांच्या पाठीला लागली होती. चष्म्यातून माझ्याकडे बघत त्यांनी मायेने विचारलं, "एवढं येत होतं, तर तेव्हाच का नाही बोललीस गो?"

याचं उत्तर माझ्याजवळ तयार होतं. अन्नाच्या प्रत्येक घासाबरोबर मी ते गिळलं होतं. सरांच्या डोळ्यांत बघून, सगळ्यांसमोर, एकेक शब्द मोजून द्यायचं होतं. मी तोंड उघडलं. पण आवाजाच्या आधी माझा डावा हात वर गेला आणि त्याचा पंजा छताला टेकला.