घरात कोणी नाही

"बंद करून पुन्हा चालू केलंत का?"

"आधीचे दोघंही हेच विचारून गेले," घड्याळजी म्हणाले. "चालू केलं की तासभर घर गरम. मग पुन्हा थंडगार."

मेकॅनिक ओशाळला. ऑफिसात त्याला सगळे 'बंदचालू'च म्हणायचे. सव्वीस वर्षं लोकांच्या सोफ्यामागे ओणवं होऊन वायरी तपासण्यात गेली होती, आणि दहातली नऊ घरं त्या एका मंत्रावर सुधारायची. हे दहावं निघालं.

घड्याळजींचं घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. अंगात दोन स्वेटर, गळ्याला मफलर, तरी बोटं निळसर पडलेली. म्हाताऱ्या माणसाला अशा गारठ्यात ठेवायचं म्हणजे जिवाशी खेळ. आज हे घर गरम केल्याशिवाय हलायचं नाही, असं मेकॅनिकने मनाशी ठरवलं.

राउटरचे दिवे हिरवे होते. तरी त्याने वायर बदलली, राउटर कपाटामागून काढून टेबलावर ठेवला. हीटर चालू-बंद करणारा भिंतीवरचा गोल थर्मोस्टॅटही राउटरला नीट जोडलेला. मग घोडं अडलं कुठे?

"यंत्र खोटं बोलत नाही हो," घड्याळजी म्हणाले. "त्याला कोणीतरी चुकीचं सांगितलेलं असतं."

मेकॅनिकने थर्मोस्टॅटच्या आतल्या नोंदी उघडल्या. रोज तीच ओळ होती: घरात कोणी नाही. हीटर बंद.

खाली एकाच फोनची नोंद होती. तो फोन राउटरला जोडलेला असला की घरात माणूस आहे, नसला की घराला कुलूप, एवढंच त्या यंत्राला ठाऊक.

"काका, तुमचा फोन बघू."

घड्याळजींनी खिशातून बटणांचा जुना फोन काढला. त्याला वायफायचा वारासुद्धा लागलेला नव्हता.

"मग हा दुसरा फोन कोणाचा?"

घड्याळजी खुर्चीत बसले. "आमच्या हिचा. हे सगळं हिनेच बसवून घेतलं. मला म्हणायची, तुम्ही हात लावू नका, बिघडवाल." त्यांनी कपाटाकडे पाहिलं. "जाऊन सव्वा महिना झाला. फोन बंद करून कपाटात ठेवला मी."

तो फोन बंद म्हणून यंत्राला घर रिकामं वाटतंय, हे मेकॅनिकने जमेल तसं समजावून सांगितलं. घड्याळजी ऐकत राहिले आणि एकदम हसले.

"ती बाजारात गेली की मला थंडी वाजायची. मला वाटायचं, मनाचेच खेळ. तिला कधी सांगितलं नाही. चिडवत बसली असती."

मेकॅनिक थर्मोस्टॅटकडे वळला. "हा फोन नोंदीतून काढून टाकतो, काका. म्हणजे हे यंत्र कोणाची वाट बघणार नाही."

काढून टाकायचा? थर्मोस्टॅटच्या पडद्याने विचारलं. असली बटणं मेकॅनिकने हजारदा दाबली होती. आज बोट पुढे जाईना.

"थांबा." घड्याळजी उठले. कपाटातून फोन आणि त्याची वायर घेऊन आले. लावायचं कुठे ते त्यांना कळेना, म्हणून मेकॅनिकने लावून दिलं. फोन जागा झाला. थोड्या वेळाने भिंतीत खट्ट झालं आणि हीटर सुरू झाला.

"काका, हा रोज चार्ज करावा लागेल. विसरलात तर गारठाल."

"चाळीस वर्षं रोज घड्याळांना चावी दिली. नाही विसरायचो."

मेकॅनिकने नोंद तशीच राहू दिली. ऑफिसच्या कागदावर 'बिघाड' असा रकाना होता. त्यात त्याने 'काही नाही' लिहिलं आणि बूट घातले.

वळून पाहिलं तर घड्याळजींनी गळ्यातला मफलर सोडला होता. त्याची नीट घडी घालून ते ती फोनखाली सरकवत होते.