खुंटीवरची टोपी

ताईनं खुंटीवरची लोकरीची टोपी काढली आणि शिंप्याच्या डोक्यावर घालून थेट कानांखाली ओढली.

"उकडतंय गं."

"उकडू दे. खोटं बोललास की कान लाल होतात तुझे, लहानपणापासून. बाई हुशार असली तर तिथंच पकडेल."

"आणि टोपी का घातली, असं विचारलं तर?"

"सर्दी झालीय म्हण. तेवढं एक जास्तीचं खोटं मावेल टोपीत."

दोघं हसली. घरमालकानं खोली रिकामी करून घेतल्यापासून ताई सरकारी निवाऱ्यात, वीसजणींच्या रांगेत अंथरूण टाकत होती. आता बेघरांच्या योजनेतून तिला खोली मिळायची होती; एकटीची, आतून कडी लावता येईल अशी. अडसर एकच. जवळचं कुणी ठेवून घ्यायला तयार असेल, तर माणसाला बेघर धरत नाहीत. म्हणून योजनेची बाई आज भावाला विचारायला येणार होती, आणि भावानं बहिणीच्या देखत नाही म्हणायचं होतं. त्याला पढवायला ताई कालच मुक्कामाला आली होती. बायको मुलांना घेऊन मुद्दाम बाहेर गेली होती.

बाई आली. पाणी प्यायली, दोन्ही खोल्या पाहिल्या. ताई कोपऱ्यात शर्टाला बटणं लावत बसली होती.

"मशीन जरा भिंतीकडे सरकवलं तर एक अंथरूण बसेल इथं," बाई म्हणाली. "ठेवून घ्याल बहिणीला?"

'जागा नाही' हे पढवलेलं उत्तर. ते तर बाईनं आधीच उसवून टाकलं. शिंप्यानं गळ्यातली टेप बोटाला गुंडाळली, सोडली.

"जागा होईल. पण नको."

"का?"

"खोकते ती. मुलं दचकून उठतात. बायको दिवसभर भांडी आपटते. गिऱ्हाईक आलं की ही मध्येच बोलते, घरातलं सगळं सांगत बसते. आणि एकदा आली की जाणार कधी, हे तोंडानं विचारता येत नाही." सुईत पहिल्याच फटक्यात दोरा ओवला जावा, तसे शब्द येत गेले. "काल एक रात्र होती, तर मी उजाडायची वाट बघत पडलो होतो."

कोपऱ्यातली सुई थांबली. मग पुन्हा चालू लागली.

"पुरे, दादा," बाई म्हणाली. "नुसतं नाही म्हटलं तरी चालतं." चपला घालताना ती ताईकडे न बघताच बोलली, "मिळेल खोली, मावशी."

बाई गेली. ताईनं उरलेलं बटण लावलं, दोरा दातानं तोडला, शर्टाची घडी केली. मग पिशवी खांद्याला अडकवून भावासमोर उभी राहिली आणि तिनं टोपी अलगद उचलली. एक कान पाहिला, मग दुसरा. न्हाऊ घातलेल्या पोराचे पाहावेत तसे.

"टोपीची गरजच नव्हती रे," ती म्हणाली, आणि टोपी खुंटीला अडकवली.

"ताई, जेवून जा."

"नको. उशीर झाला की निवाऱ्याचं दार लावतात."

तिची पावलं जिना उतरत गेली. शिंपी मशीनवर बसला, पण पाय हलेना. काल रात्री खोकल्याची उबळ आली की ती प्रत्येक वेळी दार ओढून जिन्यात जात होती. आताही, पार खाली रस्त्यावर पोचल्यावरच, तिनं इतका वेळ दाबून धरलेला खोकला सोडला.

शिंप्यानं उठून खुंटीवरची टोपी काढली आणि कानांवर ओढून घेतली.