गोट्याचा कौल

अख्खी वाडी पारासमोर लोटली होती. पारावर तेल पिऊन काळाकुळकुळीत झालेला आईचा, म्हणजे गावदेवीचा, गोटा. त्यावर दोन्ही हात ठेवून प्रश्न विचारायचा. उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार. सोयरीक असो, बोअर असो, वाडीत गोट्याला विचारल्याशिवाय काही ठरत नसे. आजचा प्रश्न मोठा होता. शेजारच्या माळावर जमिनीची बारीकातली बारीक थरथर टिपणारी मोठी प्रयोगशाळा उभी राहत होती. गावाला एक मोठं काम करून देऊ, कोणतं ते तुम्हीच ठरवा, असा निरोप पाठवून तिचे साहेब दुपारी येणार होते.

शाळेच्या करुणा मॅडमना बाळंतपणाची सोय असलेला दवाखाना हवा होता. अडलेल्या किती बाया त्यांनी जीपमध्ये घालून हिंगोलीला धाडल्या, त्यातल्या काही परतल्याच नाहीत. घरोघर सांगून मॅडम थकल्या होत्या. "तुमचं बराबर हाय," सगळे म्हणायचे, "पर गोट्याला इचारू."

आणि गोटा होता एका उपऱ्या महाराजाच्या ताब्यात.

"अलख!" महाराज गरजला. "साहेबांची मशीन कंपनं पकडते, आईचा गोटाबी पकडतो! मशीनला लाईट लागते, आईला भक्ती! ग्यानोबा, ठेव हात. आईला सभामंडप पाहिजे ना? सांभाळून बरं, आई कोपंल!"

ग्यानोबा सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यानं डोळे मिटले. गोटा सुळकन उजवीकडे वळला. बायांनी हात जोडले.

घरी जाऊन आडवं व्हावं, असं मॅडमना वाटलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतायचं तरी किती! तरीही त्या पुढे झाल्या.

"महाराज, आता मी विचारते. पण तुमच्या कानात. आईला ऐकू जाईल ना?"

"जाईल की," महाराज चाचरला.

मॅडम त्याच्या कानाशी कुजबुजल्या. ग्यानोबाचे हात गोट्यावरच होते. गोटा ढिम्म. पुन्हा विचारलं. पुन्हा ढिम्म.

"आई रुसली!" महाराज ओरडला.

"आई कशाची रुसती?" गर्दीतली शालूबाई फणकारली. "ग्यानोबाला सवाल ऐकूच न्हाई आला!"

"तेच तर," मॅडम म्हणाल्या. "गोटा खालून गोल, फरशी तेलकट. जरा दाब पडला की वळतो. मनात धास्ती असली की हात आपोआप तिकडं दाबतो, आपल्याला कळतही नाही. ग्यानोबांनी लबाडी केली नाही. महाराजांनी प्रश्न घातला आणि वर कोपाची भीतीही घातली."

ग्यानोबा आपल्या हातांकडे बघत राहिला.

"मॅडम, माह्या लेकीला, मिनाला कळा सुरू झाल्या, तवा मी गोट्याला इचारलं व्हतं. हिंगोलीला नेऊ का म्हून. नाल्याला पूर व्हता. डावीकडं वळला. तवाबी मीच वळवला व्हय?"

खोटं बोलावं, असं मॅडमच्या फार मनात आलं. त्या त्याच्याजवळ खाली बसल्या.

"तुमच्या भीतीनं वळवला, ग्यानोबा. गावात दवाखाना असता तर पुराला भ्यायची पाळीच आली नसती. इथून पुढं माणसाला विचारा, डॉक्टरला विचारा. माणूस चुकला तर त्याला जाब तरी विचारता येतो. दगडाला कोण विचारणार?"

एव्हाना महाराज शाल सावरत सटकला होता. साहेबांची गाडी आली, तेव्हा ग्यानोबाच पुढे झाला.

"दवाखाना पाहिजे, साहेब."

"आम्ही तर सभामंडप हवा असं ऐकलं होतं," साहेब म्हणाले. "ते काम सोपं पडेल."

"सोपं पडत आसंल. पर पयली खोली बाळंतपणाची बांधा. माही पोरगी त्याच्याबिगर गेली."