कण्हेरीखालचं मडकं

गुणाजीचं डोकं एकदा फिरलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायचा नाही, आणि त्या दिवशी ते फिरलं होतं मडक्यावरून.

कुवेतमधल्या अहमदी या तेलकंपनीच्या गावात एका इंग्रज इंजिनियरच्या बंगल्यावर तो स्वयंपाकी होता. वेंगुर्ल्याचा भंडारी. बाप तिकडे काजूची दारू गाळायचा, आणि काय गाळायचा! मुंबई सरकारने दारूबंदी आणली, भट्टी मोडली, म्हणून तर पोरगा कुवेतला आला. करार दोन वर्षांचा. आठव्या महिन्यात तार आली, बाबा गेले. रजा मिळेना. ना तोंड बघायला मिळालं, ना खांदा द्यायला. त्या दिवशीही गुणाजीने साहेबासाठी कटलेट तळले.

मग त्याने एकच गोष्ट मनात धरली. वर्षश्राद्धाला पानाशेजारी बाबांचा पेला भरून ठेवायचा. त्यांच्याकडे रीतच तशी, गेलेल्याला जे आवडायचं ते पानाशी हवं. आणि बाबांना वर्षभर मुरलेलीच लागायची. ताजी गाळलेली कुणी पुढे केली तर सरळ पेला पालथा घालायचे.

कुवेतमध्येही दारू उघड मिळत नसे, म्हणून साहेब गॅरेजमध्ये स्वतःपुरती गाळायचा. त्याच्याच भांड्यात गुणाजीने खजुराची चार बाटल्या दारू काढली. आता ठेवायची कशात? साहेबाने पत्र्याचा डबा दाखवला. छे, गंजाचा वास मारेल. वेताच्या टोपलीत बसवलेली काचेची मोठी बरणी दाखवली, साहेबाची स्वतःची तिच्यातच असायची. गुणाजीने तिलाही नाक मुरडलं. बाबांची दारू परसात पुरलेल्या मडक्यात मुरायची. काचेतली त्यांना आपली वाटेल का?

मडकं आणलं हमीदने. हा रत्नागिरीकडचा, कुवेत शहरात एका दुकानात कारकून, पाच वेळचा नमाजी. "दारूला हात लावणार नाही हां मी, मडक्याला लावीन," म्हणाला, आणि तिथले लोक गार पाण्याला ठेवतात तसलं कोरं मडकं घेऊन आला. वर बजावलंही, "गुणाजी, हे पाझरतं रे. म्हणून तर पाणी गार होतं."

"मग बाबांचं काय सोन्याचं होतं? मातीचंच होतं! भंडाऱ्याच्या पोराला मडकं शिकवतोस?"

हमीदने मडकं त्याच्या हातात दिलं आणि निघाला. भांडणाऱ्यातला नव्हे तो.

तोंडाला फडकं बांधून, वर मेण ओतून गुणाजीने मडकं साहेबाच्या कण्हेरीखाली वाळूत पुरलं. वर्षभर संध्याकाळी तिथे जाऊन उगाच घुटमळायचा. घरचं परसू आठवायचं, पिकल्या काजूबोंडांचा वास आठवायचा, जीव नुसता तुटायचा.

वर्षाच्या दिवशी पान वाढलं. वडे, काळ्या वाटाण्याची उसळ, भात. मग मडकं उकरायला गेला. उचललं मात्र, हातालाच कळलं. मेण जसंच्या तसं, आणि आत थेंब नाही. वर्षभरात वाळूने सगळी पिऊन टाकली होती, नुसता वास उरला होता. "अरे देवा!" म्हणत तो तिथेच बसला आणि तार आली तेव्हा आलं नव्हतं तेवढं रडू त्याला आलं. शेवटी त्याने रिकामा पेला पानाशेजारी स्वतःच्या हाताने पालथा घातला.

शुक्रवारी हमीद आला. सांगितलं होतं ना, असं म्हणायचा त्याला हक्क होता, पण म्हणाला नाही. "आईला विचार एकदा, चुकलं कुठे ते," एवढंच बोलला. गुणाजीने पत्र टाकलं. महिन्याने उत्तर आलं, आईचे शब्द, शाळामास्तरांचं अक्षर.

"चि. गुणाजीस आशीर्वाद. नुसतं मडकं घेऊन चालत नाही रे. आतून काजूबियांचं तेल तीनदा चोळून उन्हात वाळवावं लागतं. ते मी करायची, मागच्या पडवीत बसून. तू सदा बाबांच्या पाठी भट्टीवर, तुला कुठून दिसणार? शेवटच्या भट्टीचं एक मडकं मी लपवून ठेवलं होतं. त्यातला पेला ठेवला हो त्यांना, तू जिवाला लावून घेऊ नकोस. वर्षात तुझी चार पत्रं आली, चारही बाबांवरच. मी कशी आहे, ते तेवढं विचारायचं राहिलं बघ."

गुणाजीने पत्र दोनदा वाचलं. करार संपायला अजून तीन महिने होते. त्याने कागद घेतला आणि लिहिलं, "आई, तू कशी आहेस?" पुढे काय लिहावं ते मात्र त्याला काही केल्या सुचेना.