जाळीखालची जनावरं

आसारामला यातून मिळायचं ते एवढंच: दावणीवरच्या चार जनावरांना पोटभर वैरण. त्याचा साडू त्रिंबक याला त्याहून कमी, नुसती पतंग उडवल्याची हौस. निदान आसारामनं हिशोब तसाच मांडला होता.

दुष्काळात बबनराव चेअरमनच्या संस्थेनं केजच्या रस्त्याला चारा छावणी काढलेली. वहीत जनावरं नऊशे बारा, आसारामच्या नजरेत चारशेच्या आत. वरच्या पाचशेंचा चारा परस्पर कुठं जायचा कुणास ठाऊक. जी खरी होती, आसारामची न् त्रिंबकची धरून, ती मात्र उसाच्या वाढ्यांच्या अर्ध्या पेंढीवर. तक्रार केली तर तालुक्याचे साहेब म्हणाले, "पुरावा आणा."

त्रिंबकनं खताच्या गोण्या उसवून पुरुषभर पतंग केला. दोरीला कापलेली बाटली, बाटलीत दर दहा सेकंदांनी आपोआप फोटो काढणारा मोबाइल. फोटोतली एकेक पाठ मोजायची, झालं.

मंगळवारी त्रिंबक आभाळाकडं बघून म्हणाला, "आज वारा न्हाई, पाव्हणं. उद्या."

"वारा न्हाई?" आसारामची बायको भामाबाई हसली. "मग दाजी, माझं वाळत घातलेलं लुगडं बाभळीवर कशानं गेलतं?"

"खालचा वारा येगळा, वरचा येगळा. तुमाला न्हाई कळायचं."

आसारामनं बायकोलाच गप केलं.

बुधवारी पतंग झकास चढला. पण एका दिवसात निम्म्या छावणीवर हिरवी जाळी ताणली गेलेली, खाली दावणी रिकाम्या. फोटोत पाठी भरल्या तीनशे एक्क्याऐंशी. फोटो तालुक्याच्या साहेबांपुढं गेले.

"बाकीची सावलीत हायत, साहेब," बबनराव म्हणाले. "मुकी जनावरं उन्हात मारू का?"

"जाळीखाली येऊन बघा की!" आसाराम म्हणाला.

साहेबांनी चष्मा पुसला. "पुरावा तुम्ही फोटोचा दिलाय. फोटोत दिसत नाही म्हणजे नाहीच, असं मी कसं लिहू?"

संस्थेची बदनामी केली म्हणून आसारामची दावण त्याच दिवशी छावणीतून सुटली. त्रिंबकच्या म्हशी राहिल्या. त्यांच्यापुढं आता दोन-दोन पेंढ्या, आणि त्रिंबकला संस्थेच्या ऑफिसात खुर्ची.

भामाबाई त्या खुर्चीपुढं जाऊन उभी राहिली. "आदी सांगायचं की, दाजी. जाळी बांधायला आमीच आलो असतो."

"घरच्या हाव म्हनून सांगतो, अक्का," त्रिंबक पुटपुटला, "माज्या बी दोन म्हशी हायत."

चेअरमनचं काही गेलं नाही. त्रिंबकची मेहुणी तुटली, त्याचं त्याला फारसं जड गेलेलं दिसलं नाही. आसारामची चारही जनावरं केजच्या बाजारात गेली. वहीत ती अजून दोन वेळा चारा खातात.