तुमची अडचण मी समजू शकते

ऑफिसात तिला सगळे ‘साखर’ म्हणत. वॉशिंग मशीन विकणाऱ्या कंपनीच्या तक्रार विभागात ती फोनवर बसायची आणि दिवसभर लोकांना ‘नाही’ म्हणायची. वॉरंटी संपलीय, फुकट दुरुस्ती होणार नाही. ड्रममध्ये नाणं अडकलंय, त्याला कंपनी जबाबदार नाही. मशीन बदलून मिळणार नाही. पण म्हणायची ते असं काही, की शिव्या द्यायला तोंड उघडलेला पलीकडचा माणूस शेवटी ‘थँक्यू हं मॅडम’ म्हणून फोन ठेवायचा.

आणि हीच बाई, कानावरचा हेडफोन उतरला रे उतरला, की मुकी. कुणी काही मागितलं की तिची जीभ टाळ्याला चिकटायची. बसथांब्यावर अनोळखी माणसानं पेन मागितलं, पेन गेलं. कितीतरी छत्र्या गेल्या. दवाखान्याच्या बाकावर शेजारची बाई म्हणाली, “जरा तुमची शाल देता का, बाळाला गार लागतंय,” आणि ती शाल त्या बाळाबरोबर त्याच्या घरी राहायला गेली. नवरा म्हणायचा, “तुला सकाळी बाहेर सोडताना मला धाकधूक असते. कुणी मागितली तर तूही जाशील, भिडेपोटी.”

ती हसायची. पण बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतली तेव्हा तिच्या पिशवीत जी वस्तू होती, तिच्या बाबतीत हसण्यासारखं काही नव्हतं.

दूध काढायचा पंप. मुठीएवढं मशीन, दोन पारदर्शक कप, नळ्या आणि बाटली. थोरल्या बहिणीनं नवा घेऊन दिलेला, आणि देताना बजावलेला, “हे टूथब्रशसारखं असतं गं. कुणालाही द्यायचं नाही. उद्या मी मागितलं तर मलाही नाही म्हण.”

लेक पाच महिन्यांची होती. पावडरचं दूध जिभेनं बाहेर ढकलायची आणि वर असं तोंड करायची, की जणू घरातल्यांनी मिळून तिला फसवलंय. सासूबाई दिवसभर तिला सांभाळत. “तू फक्त बाटली भरून आणत जा, बाकीचं मी बघते,” असं त्यांनी सांगून टाकलं होतं. पण ते ‘फक्त’च कठीण होत चाललं होतं. एक वेळ चुकली, घाई झाली, की दुसऱ्या दिवशी बाटलीतली पातळी खाली यायची. आणि एकदा आटलं की आटलं, याची तिला सारखी धास्ती होती.

त्यासाठी कंपनीनं तिला मधल्या सुट्टीत पॅसेजच्या टोकाची खोली दिली होती. पूर्वी तिथं मोडके कीबोर्ड ठेवत, अजूनही अर्धे तिथंच होते. एक खुर्ची, एक प्लग, कोपऱ्यात एक बेसिन, एक छोटा फ्रीज, त्यात कुणाकुणाच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या. दाराला कडी नव्हती. ती खुर्ची दाराला टेकवून, दाराकडे पाठ करून बसायची, डोळे मिटायची आणि लेकीच्या टाळूचा वास आठवायची. तो आठवला की दूध उतरायचं. ही वीस मिनिटं एवढीच काय ती दिवसभरात तिची स्वतःची होती.

मंगळवारी दारावर टकटक झाली आणि ‘कोण’ म्हणायच्या आत खुर्चीसकट दार ढकललं गेलं.

“सॉरी ताई, सॉरी. मी खालच्या मजल्यावरची. नवीन बॅच.”

उकाड्यातही गळ्यापर्यंत बटणं लावलेलं निळं जॅकेट. साखरेनं पटकन ओढणी पुढं घेतली.

“मला कळलं, तुमच्याकडे पंप आहे. माझा घरी पडून बंद पडलाय, आणि माझ्याकडं तर...” तिनं जॅकेट जरा पुढं धरलं. आत सगळं ओलं होतं. “तुमचं झालं की पाच मिनिटं द्याल? मी धुऊन देते, अगदी स्वच्छ.”

नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, आणि मागते काय, तर हे! साखरेच्या अंगावर काटा आला. ‘नाही’ हा शब्द ओठापर्यंत आला, तिथं थबकला आणि मागं फिरला.

“अगं, चार्जिंगच संपत आलंय बघ,” ती म्हणाली. “आज नाही जमायचं.”

“हो का? असू दे, असू दे.”

ती गेली. साखरेला सुटल्यासारखं वाटलं. मग आठवलं, की मशीन हातात घरघरत होतं आणि त्यावरचा हिरवा दिवा तिनंही पाहिला असणार. बाटली त्या दिवशी अर्धीच भरली.

बुधवारी जॅकेटवाली चार्जर घेऊन हजर.

“नवऱ्याकडून मागून आणला. सगळ्याला चालतो म्हणे!”

काय उत्साह होता तिच्या तोंडावर! साखरेला स्वतःचाच राग आला, आणि मग तो वळून त्या चार्जरवर गेला, तिच्या नवऱ्यावर गेला, कडी न बसवणाऱ्या कंपनीवर गेला.

“ते... कपचं माप वेगळं असतं ना. प्रत्येकीचं. माझा तुला नाही बसायचा.”

“असं असतं होय? थांबा, मी विचारून बघते.”

कुणाला विचारणार, हे साखरेला कळलं नाही. ते दुपारी कळलं. टीमच्या मॅडमनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं.

“अगं, त्या नवीन मुलीला जरा ॲडजस्ट कर ना. आपण एक कुटुंब आहोत.”

“मॅडम, ते... ती तसली वस्तू नसते. अंगाला लागलेली असते.”

“मशीनच आहे ना? धुऊन घ्यायचं. एवढं काय त्यात? तू इतकी गोड, म्हणून तर मी तिला म्हटलं, ती देईल.”

म्हणजे माझा पंप मॅडमनी परस्पर दान करून टाकला! एवढं ती मनात म्हणाली. तोंडानं म्हणाली, “बघते, मॅडम.” आणि जागेवर येऊन पुढच्या माणसाला, ज्याच्या मशीननं त्याच्या सगळ्या शर्टांना गुलाबी करून टाकलं होतं, इतक्या कडक आवाजात ‘नाही’ म्हणाली, की तो घाबरून सॉरी म्हणाला.

संध्याकाळी घरी नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं.

“मग सांग ना सरळ, देणार नाही.”

“तुला सांगायला काय जातंय? तिचं तोंड तू पाहिलेलं नाहीस.”

“तू आपल्या मुलीचं तोंड बघ.”

तेवढ्यात लेकीनं अर्धी बाटली संपवून रिकाम्या निपलला ओढ दिली, आणि दूध येईना म्हणून असा काही टाहो फोडला, की सासूबाई आतून धावत आल्या. त्यांनी लेकीला उचललं आणि रिकामी बाटली साखरेपुढं ठेवली. ती बाटलीच तिला सर्वांत जास्त लागली.

गुरुवारी एका ग्राहकानं फोन लांबवला आणि ती उशिरा खोलीत पोचली. जॅकेटवाली आधीच खुर्चीत बसलेली. मांडीवर साखरेनं सकाळीच तिथं आणून ठेवलेली पिशवी, हातात पंपाचा कप. तो ती उजेडाकडं धरून बघत होती.

“ठेव ते!”

“ताई, मी फक्त माप बघत होते. मला वाटतं बसेल.”

साखरेनं कप तिच्या हातातून अक्षरशः हिसकावला. आता बोलायलाच हवं होतं, आणि घशातून काहीच निघेना. मग निघालं ते, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, मध घोळल्यासारखं निघालं.

“तुमची अडचण मी समजू शकते. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल मला खेद वाटतो. परंतु सद्यःस्थितीत आपली विनंती मान्य करणं...”

जॅकेटवालीनं तिला मध्येच थांबवलं.

“ताई, हे पान तीन आहे.”

“काय?”

“ट्रेनिंगच्या वहीतलं. आमच्याकडून सोमवारीच पाठ करून घेतलंय. ‘आपली विनंती मान्य करणं आमच्या धोरणात बसत नाही.’ त्याच्यापुढं गिऱ्हाइकाचं नाव दोनदा घ्यायचं असतं. माझं नाव तरी विचारलंत का?”

साखरेचं तोंड कानापर्यंत तापलं. लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ गेल्या कित्येक वर्षांचा राग वर आला. पेनांचा, छत्र्यांचा, शालीचा, भरलेल्या आणि न भरलेल्या बाटल्यांचा.

“नाही,” ती म्हणाली. “नाही देणार. चार्जिंग होतं, तेव्हाही द्यायचा नव्हता. मापबिप मी बनवून सांगितलं. हे माझं आहे, माझ्या अंगाला लागतं, माझ्या पोरीच्या पोटात जातं. ते मी कुणाला देत नसते. तू धुतलंस तरी नाही, मॅडमनी सांगितलं तरी नाही.”

एवढं बोलून ती दाराला टेकली. आता ही रडेल, भांडेल, मॅडमकडं जाईल. ती सगळ्याला तयार होती.

जॅकेटवाली म्हणाली, “मग हे मंगळवारीच का नाही सांगितलंत?”

साखरेनं हातातला कप पिशवीत कोंबला.

“मंगळवारी सांगितलं असतंत तर मी त्याच संध्याकाळी दुसरा आणला असता. मला वाटलं, आज चार्जिंग नाही, उद्या होईल. आज माप नाही, बघू. तुमच्या भरवशावर बसले ना मी!” तिनं जॅकेटची वरची दोन बटणं काढली. गळ्याखालपर्यंत कातडी लाल, ताणलेली. “दगड झालाय नुसता. काल ताप होता. हात वर करता येत नाही. हेडफोन कसा चढवते ते मला माहीत.”

आपण त्या बाईचं मन राखलं, अशी तिची समजूत होती. मन राखायच्या नादात तिनं तिचे दोन दिवस खाल्ले होते. माफी मागावी तर शब्द पुन्हा पान तीनवरचेच आठवत होते. ती वैतागून म्हणाली, “ऊठ. त्या बेसिनकडं चल.”

“कशाला?”

“पंप नाही म्हटलं. हात नाहीत का तुला? मला नर्सनं शिकवलंय.”

पॅसेजमधल्या चहाच्या मशीनचं गरम पाणी तिनं ग्लासात आणलं. स्वतःचा रुमाल त्यात बुडवून पिळला. कुठं शेकायचं, बोटं कुठं ठेवायची, आधी मागं दाबायचं आणि मग पुढं, हे तिनं दाखवलं. पहिल्यांदा काहीच येईना. जॅकेटवाली कळवळली, “आई गं,” मग एक शिवी हासडली. मग थेंब आले, आणि मग एकदम बारीक धार. ती बेसिनवर वाकून हसत-रडत म्हणाली, “वाया चाललंय बघा, ताई.”

“जाऊ दे. आधी तू मोकळी हो. आणि संध्याकाळी डॉक्टरकडं जा, ताप अंगावर काढू नकोस.”

हे सगळं होईपर्यंत सुट्टी संपत आली होती. साखरेची बाटली कोरडी होती.

तिनं घाईघाईनं नळ्या जोडल्या. खुर्ची कुठं टेकवावी ते सुचेना. जॅकेटवाली काही न बोलता दाराबाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि पाठ लावून उभी राहिली. दाराच्या खालच्या फटीतून तिच्या चपला दिसत होत्या.

पंप घरघरू लागला. दूध येईना. साखरेनं डोळे मिटले. टाळूचा वास काही आठवेना, आठवत होती ती लाल कातडी. तिनं दात आवळले, मग सोडले. खूप वेळानं पहिला थेंब कपाच्या कडेवरून घसरला.

बाहेर टाचांचा आवाज आला.

“कोण आहे आत? फोन वाजतायत तिकडं!” मॅडम.

“साखर ताई आहेत,” जॅकेटवाली म्हणाली.

“सुट्टी संपली, म्हणावं. तिला सांग, लगेच ये.”

चपला हलल्या नाहीत. साखरेला वाटलं, जॅकेटवाली आता काहीतरी गोड थाप मारेल. ती मारायच्या आतच साखरेनं आतून आवाज दिला.

“नाही, मॅडम. येत नाही. बाटली भरली की येईन.”

“अगं पण...”

“नाही.”

टाचा थोडा वेळ तिथंच राहिल्या. मग काहीतरी पुटपुटत लांब गेल्या. आजचा अर्धा पगार कापतील, उद्या केबिनमध्ये बोलावतील. साखरेच्या छातीत धडधडत होतं आणि त्या धडधडीखाली दूध उतरत होतं, हळूहळू, बाटलीवरच्या पहिल्या रेघेपर्यंत.

“ताई,” दाराबाहेरून आवाज आला, “किती झालं?”

“गप्प बस जरा. घाई करू नकोस.”