टिकलीचं डावं-उजवं

"माझा दादा मला विसरलाय का?"

हा प्रश्न मी चक्क कॉम्प्युटरला विचारला. मैत्रिणींनी पैज लावली म्हणून. निदान मी तरी सगळ्यांना असंच सांगते.

शाळा सुटल्यावर लंबू आणि चष्मिष माझ्या पलंगावर फतकल मारून बसल्या होत्या आणि मी दादाच्या जुन्या कॉम्प्युटरला एआय असिस्टंट जोडत होते. एकटीने! काळ्या चौकटीत एकेक हुकूम टाइप करून, तीनदा आपटून, चौथ्यांदा जमलं. दादाच्या नदीतल्या होडीच्या अर्धवट गेमचा फोल्डर मी त्याला दाखवला. "प्रत्येक बदलाआधी तुम्हाला विचारू का?" असं त्याने विचारलं. मी ऐटीत "नको" दाबलं. मैत्रिणींसमोर भाव खायचा होता ना!

बाबांना दादा चष्म्याच्या दुकानात हवा होता, दादाला गेम बनवायचे होते. तीन वर्षांपूर्वी कडाक्याचं भांडण झालं आणि तो दुसऱ्या शहरात निघून गेला. आता त्याचा फोन आईला येतो, मोजून पाच मिनिटं. तेवढ्यात बाबा गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घालतात. आमची दोन झाडं त्या पाण्यानेच सडली. माझ्या वाट्याला फक्त निरोप येतो, "टिकलीला म्हणावं, अभ्यास कर."

असिस्टंटचं उत्तर आलं. "ते मला या फायलींवरून सांगता येणार नाही. शेवटचा बदल तीन वर्षांपूर्वीचा आहे. पण 'टिकली' हे नाव एक्केचाळीस ठिकाणी आहे."

"एक्केचाळीस!" लंबू किंचाळली.

"गेम लावून दाखव की मग," चष्मिष म्हणाली.

लावला, तर सुरूच होईना. मी रुबाबात टाइप केलं, "जे काही चुकलंय ते दुरुस्त कर."

दोन मिनिटांत होडी नदीत हजर! दोघींनी टाळ्या पिटल्या. मी डावं बटण दाबलं. होडी डावीकडे गेली.

माझा चेहराच उतरला.

"काय झालं गं?"

"ती उजवीकडे जायला हवी!"

"डोक्यावर पडलीस का?"

यांना कसं सांगू? मी सात वर्षांची होते तेव्हा नेमकं उलटं बटण दाबायचे, होडी खडकावर आदळायची आणि मी भोकाड पसरायचे. मग दादाने बटणंच उलटी करून टाकली. पुढे मला डावं-उजवं कळायला लागलं, तरी आमची होडी तशीच राहिली. आणि मी ती एका फटक्यात सरळ करून घेतली होती.

नशीब, दादा प्रत्येक बदलाची प्रत चिठ्ठी लावून जपून ठेवायचा. मी टाइप केलं, "होडी होती तशी कर. आणि यापुढे विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नकोस."

त्याने माफी मागितली, बटणं पुन्हा उलटी केली आणि त्या बदलाची चिठ्ठी दाखवली. "टिकलीचं डावं उजवीकडे असतं. कोणीही सुधारू नये."

खाली दादा गेला त्या दिवसाची चिठ्ठी होती. "नदीचा शेवट बाकी. टिकलीबरोबर बसून करायचा."

चष्मिषने चष्मा काढून उगाचच पुसला.

"नदीचा शेवट मी लिहून देऊ का?" असिस्टंटने विचारलं.

मी "नको" दाबलं. या वेळी अजिबात ऐट न करता.

आमच्या टेबलापाशी दोन खुर्च्या आहेत. दादाच्या खुर्चीवर तीन वर्षं इस्त्रीचे कपडे बसतात. संध्याकाळी बाबा दुकानातून आले, तेव्हा तो सगळा ढीग उचलून मी आईच्या हातात दिला.

"आई, बाबा, माझं ठरलंय. रविवारी दादाला फोन मी लावणार, स्पीकरवर. घरी ये आणि आपल्या नदीचा शेवट कर, असं त्याला सांगणार. आणि बाबा, कुंड्यांना पाणी शनिवारीच घालून ठेवायचं."